भेटीची वेळ शनिवारी दहा ते बारा

पेपरच्या ऑफिसात दोन गोष्टी साठतात, रद्दी आणि किस्से. रद्दीसाठी निदान रद्दीवाला येतो, तराजू लावतो, घेऊन जातो. किस्से कोण नेणार? ते माझ्याच डोक्यात पडून राहतात. आणि मला गप्प बसवत नाही, हे तुम्हाला दोन मिनिटांत कळेलच.

आमच्या साप्ताहिकाचं नाव 'बावखल'. बावखल म्हणजे आमच्या वसईच्या वाड्यांमधलं छोटं तळं, केळीला-फुलांना पाणी देण्यासाठी खणलेलं. ऑफिस आगाशीच्या बाजारात, खतांच्या दुकानाच्या माडीवर. जिना असा की जाड माणूस वर आला तर खाली उतरणाऱ्याने परत वर जायचं. संपादक, मालक, वार्ताहर सगळं एकच, अण्णा. पानं लावायला प्रशांत. वितरण, जाहिराती, प्रुफं आणि कोणी करत नाही ते सगळं मी, वैशाली. अण्णा म्हणतात, वैशालीच्या डोक्यावर पोळी भाजून निघेल. निघू दे! तापट माणूस नसेल तर शुक्रवारी अंक निघत नाही, हे मी त्यांना वीस वर्षं सांगतेय.

सगळ्या किश्शांच्या मुळाशी एक आकडा आहे, तो आधीच सांगून टाकते. हजार. आमचा अंक वालीवच्या एका प्रेसमध्ये छापून येतो. प्रेसचे मालक मुकेशभाई. त्यांचा खरा धंदा मिठाईचे आणि औषधांचे खोके छापण्याचा. त्यांनी एकदा हात जोडून सांगितलं, "अण्णा, हजारच्या खाली मशीन सुरू करणं मला परवडत नाही. हजार असेपर्यंत मी आहे." तेव्हा आम्ही हसलो होतो, कारण तेव्हा अंक त्याच्या कितीतरी वर खपायचा. मग घराघरात मोबाईल आले, आणि आमचं हसू गेलं.

* * *

पेपर लोक कशासाठी घेतात? अण्णांना वाटतं अग्रलेखासाठी. कप्पाळ! आमचा अंक लोक उघडतात तो थेट पान चारवर, 'निधन वार्ता'. कोण गेलं, कुठल्या आळीतलं, भेटायला कधी जायचं. त्याचा प्रशांतने एक साचाच करून ठेवलाय. काळी चौकट, नाव, कंसात वय, गाव, दोन ओळी मजकूर, आणि शेवटी 'भेटीची वेळ'.

या पानाबाबत अण्णांचा नियम कडक आहे. स्वतः त्या घरी जाऊन आल्याशिवाय एक ओळ छापायची नाही. आणि हा नियम झाला धर्मानानांमुळे.

धर्मानाना खाडीकडच्या मिठागराच्या गावचे. त्या गावात धर्मा नावाची माणसं तीन, आडनावही एकच, आणि त्यांतला एक धर्मा वारला. गावात कोणी नावाने ओळखतच नाही, टोपणनावं आहेत, आणि ती टोपणनावं अशी की निधन वार्तेत छापणं अण्णांना बरं वाटेना. त्यांनी सभ्यपणे नुसतं 'धर्मा' आणि आडनाव छापलं. फोटो हवा म्हणून भजनी मंडळाच्या जुन्या फोटोतून एक धर्मा कापून घेतला.

शनिवारी सकाळी तोच धर्मा जिना चढून वर आला. हातात आमचा अंक.

अण्णा उभेच राहिले. मी पाणी आणलं. ते धर्मानानांऐवजी अण्णाच प्यायले. म्हणाले, "नाना, माफ करा. मोठी चूक झाली. पुढच्या अंकात पहिल्या पानावर दुरुस्ती छापतो, तुम्ही हयात आहात म्हणून."

"त्ये ऱ्हाऊ द्या," नाना म्हणाले. "मी हयात हाय त्ये गावाला दिसतंय. पन तुमी वय दोन वर्सं जास्त लावलंय."

"हो का?"

"हो का काय! बायको सकालपासून इचारते, लग्नात खोटं सांगितलंत काय? तेवढं दुरुस्त करा."

आणि अण्णांनी खरंच तेवढंच दुरुस्त केलं! काळ्या चौकटीत छापलं, 'गेल्या अंकात कै. धर्मा यांचे वय चौऱ्याहत्तर असे छापले गेले. ते बहात्तर असे वाचावे.' नाना खूश. दोन्ही कात्रणं त्यांनी एकत्र लॅमिनेट करून घेतली. तेव्हापासून दर शुक्रवारी पहिला अंक तेच नेतात, आणि पान चार उघडून विचारतात, "माजं परत तर नाय ना आलं?"

* * *

आता मोबाईलने खप घसरायला लागला तसे आम्ही एकेक उद्योग सुरू केले. पहिला माझा. सोसायटी विशेष!

माझं डोकं साधं. ज्याचा फोटो, तो अंक घेणार. चंदनसारला बघावं तिकडे नवीन बिल्डिंग. दर आठवड्याला एका सोसायटीचा ग्रुप फोटो छापला, की तेवढे फ्लॅट तेवढे अंक. अण्णा म्हणाले, "वैशाली, हे पत्रकारितेत बसत नाही." मी म्हटलं, "हजारात बसतं."

पहिली सोसायटी कुलकर्णी काकांची. काका सेक्रेटरी, सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, बोलताना मुद्दा क्रमांक एक, मुद्दा क्रमांक दोन असं बोलतात. फोटोच्या दिवशी पुढच्या रांगेत कोणी बसायचं यावरून ए विंग आणि बी विंगचं जे जुंपलं! कमिटीवाले म्हणतात आम्ही, जुने मेंबर म्हणतात आम्ही, बायका म्हणतात आम्ही काय मागे उभं राहायला तयार होऊन आलो?

काकांनी तोडगा काढला. "मुद्दा क्रमांक एक, सगळे गच्चीवर चला. मुद्दा क्रमांक दोन, ड्रोन लावू. वरून सगळे समान."

समान म्हणजे किती समान! फोटोत पाण्याची टाकी स्वच्छ आली, आणि बाकी ठिपके. पण अंक संपले हो. लोकांनी आपापल्या ठिपक्याला पेनाने गोल करून गावाला पाठवले. सोमवारी काकांचा फोन, "वैशालीताई, गंभीर प्रकार आहे. कोपऱ्यातल्या लाल ठिपक्यावर दोन मेंबरांनी क्लेम केलाय. दोघींनीही लाल साडी नेसली होती. दोघींचं बोलणं बंद आहे. तुम्ही मूळ फोटो मोठा करून निकाल द्या."

प्रशांतने फोटो मोठा केला. अजून मोठा केला. मग खुर्ची मागे सरकवून माझ्याकडे बघत राहिला.

ती आग विझवायची वाळूची बादली होती.

मी काकांना कळवलं, दोघीही आहेत, एकमेकींना खेटून उभ्या आहेत म्हणून. आज त्या एकत्र वॉकला जातात.

* * *

जयवंतीबाईंचं सांगायलाच हवं. आमच्या ऑफिसच्या खाली बाजारात त्या फुलं विकतात. घरच्या वाडीतला मोगरा, चाफा, आणि हंगामात सुकेळी. सुकेळी म्हणजे आमच्याकडची उन्हात सुकवलेली केळी, खाल्ली नसतील तर तुमचं तुम्ही बघा. बाई दर शुक्रवारी पन्नास अंक घ्यायच्या. अण्णांना केवढं कौतुक! "बघ वैशाली, सामान्य कष्टकरी बाई, पण वाचनाची केवढी आवड. घरोघर वाटत असणार."

मी प्रुफं तपासत राहिले. मला माहीत होतं, बाई त्यात मोगरा बांधतात.

एक दिवस अण्णांनी खाली जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. त्यांचा अग्रलेख, त्यावर पाव किलो मोगरा, वर दोरा. माणूस दोन दिवस जेवला नाही नीट.

पण तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ जिना चढून आले. विरारहून आगाशीला देवदर्शनाला आलेले. हातात फुलांची पुडी सोडवून सरळ केलेला कागद. म्हणाले, "साहेब, ही तुमची गोष्ट फार छान आहे. पण ती बाई दार उघडते आणि पुढे कागदच नाही. बाहेर कोण असतं?"

आम्ही तेव्हा एक कथामाला छापत होतो. तिचा अर्धा भाग पान सहावर, अर्धा सातवर. मी त्यांना अंक देणार, तेवढ्यात खालून जयवंतीबाई ओरडल्या, "अहो दादा, ते मघाशी त्या चष्मेवाल्या ताईंच्या चाफ्यात गेलं!"

अण्णांच्या डोळ्यांत चमक आली. पुढच्या अंकापासून त्यांनी कथा मुद्दाम अशी तोडली की बाई नेमकी दारातच अडकावी. लोक दुसरी पुडी मागायला लागले. बाईंचा मोगरा वाढला, आमचे पन्नासाचे सत्तर झाले. मी म्हटलं, "अण्णा, हे पत्रकारितेत बसतं का?" अण्णा म्हणाले, "मोगऱ्यात बसतं ना? मग झालं."

* * *

शब्दकोड्याची गंमत वेगळीच. बक्षीस काय, तर विजेत्याचं नाव आणि फोटो. एवढ्यासाठी लोक जीव टाकतात! आणि सगळ्यात जास्त जीव टाकतात आगाशीचे निवृत्त हेडमास्तर. त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. निम्म्या आगाशीने त्यांच्या हातचा मार खाल्लेला आहे, अण्णांना धरून.

एका आठवड्यात प्रशांतकडून घोटाळा झाला. चौकटी नव्या कोड्याच्या, आणि शोधसूत्रं गेल्या आठवड्याची. आडवं, उभं, कशाचा कशाला मेळ नाही. माझ्या लक्षात आलं तेव्हा अंक वाटून झाले होते. मी डोक्याला हात लावून बसले. म्हटलं, आता फोन सुरू होणार, आणि प्रशांतला मी खिडकीतून खाली खतात टाकणार.

एकही फोन आला नाही.

बुधवारी उत्तरं आली. अकरा जणांनी कोडं पूर्ण सोडवलं होतं! त्यात गुरुजी पहिले. जिथे चार अक्षरांच्या जागेत तीन अक्षरांचं उत्तर होतं, तिथे त्यांनी एका घरात फुली मारून ते भरलं होतं. मी धीर करून विचारलं, "गुरुजी, कोडं जरा अवघड होतं का हो?"

"अवघड? कोडंच चुकलेलं होतं!"

"मग तुम्ही कळवलं का नाही?"

गुरुजी माझ्याकडे असे बघू लागले की मला पुन्हा दुसरीत बसल्यासारखं वाटलं. म्हणाले, "पेपर अवघड आला म्हणून विद्यार्थी कोरा देत नाही. उत्तरपत्रिका भरतो!"

अण्णांनी अकराही जणांचे फोटो छापले. आणि अकराही जणांनी जास्तीचे अंक नेले.

* * *

राशिभविष्याबद्दल बोलू नये म्हणतात, पण आता काय लपवायचं! आमचे ज्योतिषी मुलाकडे नाशिकला राहायला गेले, आणि तेव्हापासून ते सदर मी लिहिते. कोणाचं वाईट लिहीत नाही. फार तर कोणाला पोट सांभाळायला सांगते. तेही आंब्याच्या दिवसांत.

एका गुरुवारी माझं घरी वॉशिंग मशीनवरून वाजलं होतं. त्या तिरीमिरीत वृश्चिक राशीला लिहून टाकलं, 'यंत्रांपासून दूर राहा.'

संध्याकाळी वालीवहून मुकेशभाईंचा फोन. "वैशालीबेन, आज मशीन नाही चालणार."

"का हो? बिघडलं?"

"मशीन एकदम मस्त आहे. पहिली कॉपी पण निघाली. पण माझी रास वृश्चिक."

मी म्हटलं, "मुकेशभाई, ते... ते आपलं असंच असतं हो."

"असंच कसं? तुमच्या पेपरात छापलंय! मीच छापलंय!"

नऊशे नव्व्याण्णव अंक माझ्या एका ओळीवर अडकले होते. शेवटी मी त्यांना सांगितलं, ज्योतिष्यांना नाशिकला फोन लावते. पाच मिनिटं स्वस्थ बसले, पाणी प्यायले, आणि परत फोन केला. "ग्रह बदललेत. दुपारपर्यंतच होतं ते." प्रशांतने ओळ बदलून पाठवली, 'यंत्राशी संबंधित कामात यश.' मुकेशभाईंनी त्या एका ओळीसाठी छपाईची नवी प्लेट केली, देवाला उदबत्ती लावली आणि मशीन सुरू केलं.

तेव्हापासून वृश्चिक राशीला यंत्राशी संबंधित कामात कायम यश आहे. दुसरी काही वृश्चिकवाली माणसं असतील, त्यांनी मला माफ करावं.

* * *

मग आम्हीही मोबाईलवर गेलो. 'बावखल परिवार' नावाचा ग्रुप. अण्णांचा हात एका बोटाने टाइप करणारा, पण जिद्द मोठी. पहिली बातमी त्यांनी टाकली, उद्या दिवसभर पाणी येणार नाही, भरून ठेवा. पाच मिनिटांत नमस्काराचे हात, अंगठे, गुलाबाची फुलं. अण्णा हरखले. "वैशाली, एवढा प्रतिसाद छापील अंकाला कधी मिळाला?"

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन. "अण्णा, पाणी का नाही आलं? पेपरवाले ना तुम्ही, आधी सांगायला नको?"

"अहो, ग्रुपवर टाकलं होतं. तुम्ही नमस्कार पाठवलात!"

"तो मी सगळ्यालाच पाठवतो."

आणि आमचे कुलकर्णी काका! त्यांनी छापील अंक बंद केला, म्हणाले, "मुद्दा क्रमांक एक, पीडीएफ फुकट येते." मी वाईट वाटून घेतलं. एक दिवस चंदनसारला झेरॉक्सच्या दुकानात गेले, तर काका तिथे उभे. आमच्या पीडीएफच्या प्रिंट काढून घेत होते, आठच्या आठ पानं. मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाले, "स्क्रीनवर वाचलं की वाचल्यासारखं वाटत नाही हो."

दुकानदार कौतुकाने म्हणाला, "मॅडम, आपका पेपर यहाँ बहुत चलता है!"

माझी चिडचिड तुम्ही समजू शकता.

* * *

आता शेवटचं. हे मी हसत सांगतेय, पण त्या दिवशी हसले नव्हते.

गणपती झाले आणि आकडा हजाराच्या खाली गेला. थोडाथोडका नाही, दीडशेने. मुकेशभाई स्वतः आले, चहा घेतला, जमिनीकडे बघत बसले. शेवटी अण्णाच म्हणाले, "कळलं मला. तुम्ही बरेच दिवस सांभाळून घेतलंत."

ते गेल्यावर अण्णांनी कागद ओढला आणि चार ओळी लिहिल्या. छापील अंक बंद होत आहे, वाचकांच्या प्रदीर्घ प्रेमाबद्दल आभार, मोबाईल आवृत्ती सुरू राहील. कागद प्रशांतकडे देऊन म्हणाले, "जागा असेल तिथे लाव." आणि छत्री घेऊन घरी गेले. मला रडू आलं. खरं सांगते, मोठ्याने आलं. हा पेपर त्यांनी पंचविशीत सायकलवरून वाटायला सुरुवात केली होती. त्यांना मूलबाळ नाही. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, गेल्या तेव्हासुद्धा शुक्रवारी अंक निघाला होता.

शुक्रवारी अंक हातात घेतला आणि मी किंचाळले.

"प्रशांत!!"

जागा फक्त पान चारवर होती. प्रशांतने निवेदन निधन वार्तेच्या साच्यात टाकलं होतं. काळी चौकट. 'बावखल', कंसात वय एकोणचाळीस, आगाशी. खाली अण्णांच्या चार ओळी. आणि सगळ्यात शेवटी, साच्यात असतेच म्हणून, 'भेटीची वेळ शनिवारी दहा ते बारा.'

"ताई, साच्यात वय लागतंच," प्रशांत म्हणाला. "मी अंदाजाने टाकलं."

अण्णांना विचारलं, तुम्ही पान बघितलं नाहीत? ते तर निधनाचं पान स्वतः गेल्याशिवाय सोडत नाहीत. तर म्हणाले, "आपल्याच घरी काय जाऊन खात्री करायची?"

शनिवारी दहा वाजता जिन्याखाली चपला वाजल्या.

पहिले गुरुजी आले. पांढरं धोतर, हातात काठी. अण्णांच्या समोर बसले. भेटायला गेल्यावर पाच मिनिटं बसायचं असतं, तसे. मग मला हळूच विचारलं, "शेवटी फार त्रास झाला का?"

माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "नाही हो, शांतपणे."

मग जयवंतीबाई आल्या, डोक्यावरून पदर, हातात डबा. ज्या घरी दुःख झालं तिथे चूल पेटत नाही, म्हणून पिठलं-भाकरी आणली होती. "अण्णा, दोन घास खा. माझ्या मोगऱ्याने आता काय नेसायचं, सांगा?" मग कुलकर्णी काका आले, ए विंग आणि बी विंग दोन्ही घेऊन. लाल ठिपकेवाल्या दोघी बरोबर, आज पांढऱ्या साडीत. कोड्याचे बाकी दहा जण आले. जिन्यावर रांग लागली, कोणाला वर येता येईना, कोणाला खाली जाता येईना. खतवाल्याने दुकान अर्धं बंद करून खुर्च्या दिल्या. अण्णा मधोमध बसलेले, कावरेबावरे. कोणीही येऊन त्यांच्या हातावर हात ठेवत होतं.

भेटायला आलेल्यांची नावं लिहायला वही ठेवतात ना, तशी मी ठेवली. नाव, गाव. मग मला काय सुचलं देव जाणे, पट्टी घेतली आणि तिसरा रकाना आखला, 'किती अंक'. माणसं रडवेल्या चेहऱ्याने सही करायची, तिसऱ्या रकान्यात अडखळायची, माझ्याकडे बघायची. मी काही डोळे काढत नव्हते. बरं, थोडे काढत होते. काकांनी सगळ्यांसमोर लिहिलं, 'एक. छापील.'

पावणेबाराला मुकेशभाई आले. पांढरा शर्ट. दारातच उभे राहिले, एवढी माणसं बघून आत यायचं धाडस होईना.

आणि त्यांच्या मागून धर्मानाना. आता नव्वदीच्या जवळ पोचलेले. दोघांनी धरून वर आणलं होतं. लोकांनी वाट करून दिली. ते अण्णांसमोर बसले, दम खाल्ला, आणि सदऱ्याच्या आतून ते लॅमिनेट केलेलं कात्रण काढून टेबलावर ठेवलं.

"अण्णा, ह्ये कोनी छापलं?"

"मी, नाना."

"काय छापलंय?"

अण्णांनी कात्रण जवळ ओढलं. "तुम्ही गेलात म्हणून."

"आनि मी कुटं हाय?"

"समोर."

"मंग?"

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला. मुकेशभाई दारात नाक पुसत होते. मी वहीतला तिसरा रकाना पुन्हा एकदा वरून खाली मोजत होते. घाईत दोनदा चुकले.

धर्मानानांनी कालचा अंक पुढे ओढला, पान चार उघडलं, काळ्या चौकटीवर बोट ठेवलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आनि ह्ये वय चुकलंय. माज्या धाकट्या पोरीच्या बारशाला तुमी पैला अंक घेऊन आलतात. ती एक्केचालीसची झाली."

पुढच्या शुक्रवारी वालीवहून पुरे हजार अंकांचे गठ्ठे आले. जयवंतीबाईंचे सत्तर खालीच उतरले. धर्मानानांचा नातू पहिला अंक घ्यायला उभाच होता. मी त्याच्यासाठी पान चार उघडून दिलं. काळी चौकट, आणि आत अण्णांच्या दोन ओळी.

'गेल्या अंकात "बावखल"चे वय एकोणचाळीस असे छापले गेले. ते एक्केचाळीस असे वाचावे.'